जनगणना तक्त्यांचे वाचन

जनगणना तक्त्यांचे वाचन म्हणजे भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या संख्यात्मक तक्त्यांतील शीर्षक, व्याख्या, रकाने, एकक आणि तळटिपा विचारात घेऊन त्यांतील आकड्यांचा अर्थ लावण्याची पद्धत होय. हीच पद्धत राष्ट्रीय नमुना पाहणी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' किंवा 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' यांसारख्या प्रकाशनांतील तक्त्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते. प्रस्तुत लेखात उदाहरणे मुख्यतः सांगली जिल्हा व महाराष्ट्र राज्य यांच्या २०११ च्या जनगणनेतून घेतली आहेत.

तक्त्यातील आकडा हा मोजणीचा निष्कर्ष असतो, आणि मोजणी नेहमी एखाद्या व्याख्येनुसार होते. त्यामुळे व्याख्या न पाहता वाचलेला आकडा अचूक असूनही चुकीचा अर्थ देऊ शकतो. वृत्तपत्रांतील बहुतेक गैरसमजांचे मूळ आकड्यांत नसून रकान्याच्या मथळ्याकडे झालेल्या दुर्लक्षात आढळते.

गाव की नगर : माधवनगरचे उदाहरण

सांगली शहराच्या उत्तरेस, मिरज तालुक्यात वसलेले माधवनगर जनगणनेच्या तक्त्यांत 'नागरी' रकान्यात येते. मात्र तेथे नगरपालिका नसून ग्रामपंचायत आहे. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटते. परंतु तक्त्यात नगराच्या नावापुढे कंसात दिलेली खूण पाहिली असता तिचा उलगडा होतो. जनगणनेत नगरे दोन प्रकारची मानली जातात. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटकमंडळ असलेले ठिकाण हे वैधानिक नगर होय. ज्या ठिकाणी अशी कोणतीही नागरी संस्था नाही, परंतु ज्याची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष बिगरशेती व्यवसायात आहेत, ते 'जनगणना नगर' होय. माधवनगर हे दुसऱ्या प्रकारात मोडते. शेतीपेक्षा गिरणी, माग, व्यापार आणि शेजारच्या सांगलीतील नोकरी यांवर ज्या वस्तीचा चरितार्थ चालतो, तिला जनगणना शहर म्हणते. शासनाचा ग्रामविकास विभाग मात्र गावच समजतो.

येथे दोन बारकावे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की व्यवसायाची अट केवळ पुरुषांपुरती आहे. स्त्रियांचे काम या वर्गीकरणात मोजलेच जात नाही. दुसरा असा की २०११ च्या जनगणनेसाठी गावांची निवड २००१ च्या आकड्यांवरून आगाऊ करण्यात आली होती. म्हणजे २०११ च्या तक्त्यातील 'नागरी' हे विशेषण प्रत्यक्षात दहा वर्षे आधीच्या स्थितीवर आधारलेले होते.

देशातील जनगणना नगरांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ च्या तात्पुरत्या आकडेवारीत ती ३,८९४ झाली. त्याच काळात वैधानिक नगरे ३,७९९ वरून ४,०४१ पर्यंतच वाढली. 'भारतात शहरे झपाट्याने वाढली' या विधानामागे नगरपालिकांची वाढ फारशी नसून ग्रामपंचायतीच राहिलेल्या पण शेतीपासून दूर गेलेल्या गावांची वाढ आहे, हे केवळ एकूण नगरांची बेरीज पाहून कळत नाही.

सांगलीच्या बाबतीत आणखी एक दुहेरी नोंद आढळते. २०११ च्या तात्पुरत्या तक्त्यांत सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची लोकसंख्या ५,०२,६९७, तर सांगली नागरी समूहाची लोकसंख्या ५,१३,८६२ अशी दिली आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला महापालिकेच्या हद्दीपुरता आहे. दुसऱ्यात हद्दीला लागून असलेल्या नागरी वस्तीचे ११,१६५ रहिवासी मिळवलेले आहेत. दोन शहरांची तुलना करताना एकाचा समूह आणि दुसऱ्याची हद्द घेतली जाणार नाही, एवढी दक्षता पुरेशी ठरते.

वर्गीकरणाचे परिणाम

ग्रामीण व नागरी हा भेद केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार देशातील ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत आणि नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना अनुदानित धान्याचा हक्क मिळतो. राज्यनिहाय प्रमाण वेगवेगळे असून महाराष्ट्रासाठी ते ग्रामीण भागात ७६.३२ टक्के व नागरी भागात ४५.३४ टक्के आहे. २०११ मध्ये राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६,१५,५६,०७४ आणि नागरी लोकसंख्या ५,०८,१८,२५९ होती. दोन्ही प्रमाणे लावून बेरीज केली असता सुमारे ७ कोटी ही संख्या मिळते, आणि राज्यातील लाभार्थ्यांची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. तक्त्यातून एखादा शासकीय निर्णय कसा आकारास येतो हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

याच गणिताने, दहा हजार लोकवस्ती ग्रामीण रकान्यात असल्यास मर्यादेत ७,६३२ जणांची भर पडते. तीच वस्ती नागरी रकान्यात गेल्यास ४,५३४ जणांची. हा हिशेब राज्याच्या एकूण मर्यादेचा आहे. त्यावरून एखाद्या विशिष्ट गावात किती शिधापत्रिकांना धान्य मिळते ते ठरत नाही. परंतु लोकसंख्या वाढत गेली तरी ही मर्यादा २०११ च्या तक्त्यालाच बांधलेली राहिली, ही बाब नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना व नंतर जन्मलेली मुले यांची नावे शिधापत्रिकेवर चढवू पाहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मोजणी कोणाची आणि कोठे

२०११ च्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०११ रोजीचे ०० वाजता हा होता. प्रत्यक्ष प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली, २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर व्यक्तींची मोजणी झाली आणि १ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणकांनी पुन्हा फेरी मारून जन्म-मृत्यूंची दुरुस्ती केली. प्रगणकांमध्ये प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांची संख्या मोठी असते. एखादी व्यक्ती आपल्या नेहमीच्या निवासस्थानी त्या काळात काही दिवस जरी राहिली असेल तरी तिची गणना तेथे होते; संपूर्ण काळ ती बाहेर असल्यास जेथे आढळेल तेथे होते.

फेब्रुवारी हा महिना पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळपाचा असतो. बीड व अन्य जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे त्या वेळी वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांतील फडांवर व कारखान्यांच्या तळांवर असतात. वरील नियमानुसार, पूर्ण तीन आठवडे गावी न गेलेल्या कुटुंबाची नोंद सांगली जिल्ह्यात व्हावयास हवी. याउलट खानापूर, आटपाडी या भागांतून सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली कुटुंबे ज्या त्या राज्याच्या तक्त्यांत मोजली जातात. एखाद्या दुष्काळी तालुक्याची लोकसंख्या मंदगतीने वाढलेली दिसली की त्यावरून तेथे जन्मदर घटला असा निष्कर्ष लगेच काढू नये. लोकसंख्येतील बदल हा जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तिन्हींचा मेळ असतो, आणि मुख्य तक्ता तो मेळ फोडून दाखवीत नाही. त्यासाठी स्थलांतराची 'डी' मालिका पाहावी लागते.

जनगणनेचे तक्ते मालिकांनुसार ओळखले जातात : 'ए' सर्वसाधारण लोकसंख्येची, 'बी' आर्थिक, 'सी' सामाजिक व सांस्कृतिक, 'डी' स्थलांतराची, 'एफ' प्रजननाची. तक्त्याचा क्रमांक टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी, कारण आकडा पुन्हा तपासावयाचा झाल्यास क्रमांकाविना तो शोधणे जिकिरीचे होते.

दर, छेद आणि एकक

टक्केवारी किंवा दर समोर आल्यास प्रथम छेद कोणता हे विचारावे. साक्षरता दराचे उदाहरण बोलके आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि साक्षरांची संख्या ८,१५,५४,२९० होती. भागाकार केल्यास ७२.५७ टक्के येतात. अधिकृत दर मात्र ८२.३४ टक्के आहे. फरकाचे कारण असे की जनगणनेत सात वर्षांखालील सर्व मुले निरक्षर धरली जातात आणि दर काढताना ती छेदातून वगळली जातात. राज्यात ० ते ६ वयोगटातील मुले १,३३,२६,५१७ होती. एकूण लोकसंख्येतून ती वजा करून उरलेल्या ९,९०,४७,८१६ या संख्येने भागले असता ८२.३४ टक्के हा दर तंतोतंत मिळतो. १९७१ पर्यंतच्या जनगणनांत ही वयोमर्यादा पाच वर्षांची होती, म्हणून जुने दर नव्या दरांशेजारी ठेवताना तळटीप वाचणे आवश्यक ठरते. शिवाय साक्षर म्हणजे कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती एवढाच अर्थ आहे. शाळेत गेलेली, उत्तीर्ण झालेली असा त्याचा अर्थ नाही.

२००१ मध्ये राज्याचा साक्षरता दर ७६.८८ टक्के होता. २०११ पर्यंत तो ५.४६ टक्के-बिंदूंनी वाढला. 'साक्षरतेत ५.४६ टक्के वाढ' असे लिहिणे शिथिल आहे, कारण मूळ दराच्या तुलनेत ही वाढ सुमारे ७.१ टक्के होते. निवडणुकीच्या भाषणांत या दोहोंपैकी जो आकडा मोठा तो निवडला जातो, हे सांगावयास नको.

स्त्री-पुरुष प्रमाणाची रीत देशपरत्वे बदलते. भारतात ते दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असे सांगतात, तर अनेक आंतरराष्ट्रीय प्रकाशनांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असे. सांगली जिल्ह्यात २०११ मध्ये पुरुष १४,३५,७२८ व स्त्रिया १३,८६,४१५ होत्या. म्हणजे भारतीय रीतीने ९६६ आणि दुसऱ्या रीतीने १०३.६. पहिल्यात आकडा वाढणे हे स्त्रियांचे प्रमाण वाढल्याचे लक्षण, दुसऱ्यात घटल्याचे.

सांगलीचे ९६६ हे प्रमाण राज्याच्या ९२९ या सरासरीहून चांगले दिसते. परंतु त्याच तक्त्यातील ० ते ६ वयोगटाचा रकाना पाहिल्यावर चित्र पालटते. तेथे जिल्ह्याचे प्रमाण २००१ मध्ये ८५१ आणि २०११ मध्ये ८६७ होते. राज्याचे अनुक्रमे ९१३ व ८९४. सर्व वयांचे प्रमाण कामासाठी बाहेर जाणाऱ्या पुरुषांमुळे आणि स्त्रियांच्या अधिक आयुर्मानामुळे उंचावते. लहान मुलांच्या प्रमाणावर या गोष्टींचा प्रभाव फार थोडा असतो. गर्भलिंगनिदानाचा प्रश्न ज्या रकान्यात दिसतो तो हा दुसरा रकाना आहे. एकाच पानावर शेजारी शेजारी असलेल्या या दोन आकड्यांपैकी केवळ पहिला उद्धृत करून जिल्ह्याची पाठ थोपटणे, ही अज्ञानापेक्षा गंभीर बाब मानावी लागेल.

मात्र हाच रकाना लहान गावासाठी वाचताना सावधगिरी हवी. एखाद्या गावात ० ते ६ वयाची १०० मुले असून त्यांपैकी मुलगे ५२ व मुली ४८ असतील तर प्रमाण ९२३ येते. मुलगे ५४ व मुली ४६ झाल्या की ते ८५२ वर उतरते. दोन मुलांच्या अदलाबदलीने ७१ अंकांचा फरक पडतो. अशा गावास 'जिल्ह्यात सर्वांत वाईट' किंवा 'आदर्श' ठरविणाऱ्या याद्या दरवेळी वेगळी नावे देतात, याचे कारण हेच. तालुका किंवा जिल्हा पातळीवर संख्या मोठी असल्याने असा योगायोग बराच विरतो.

एकाच वर्षाचे दोन आकडे

सांगली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या कोठे २८,२०,५७५ तर कोठे २८,२२,१४३ अशी आढळते. साक्षरता दर कोठे ८२.६२ तर कोठे ८१.४८. यांतील पहिले आकडे तात्पुरते, दुसरे अंतिम आहेत. देशाची तात्पुरती आकडेवारी मोजणीनंतर महिन्याभरातच, ३१ मार्च २०११ रोजी, प्रसिद्ध झाली; प्रत्येक अनुसूचीची यांत्रिक तपासणी होऊन अंतिम तक्ते तयार होण्यास पुढे दोन वर्षांहून अधिक काळ लागला. आंतरजालावरील अनेक पाने अद्याप तात्पुरते आकडेच देतात. वाचकाने दोन्हींची सरमिसळ टाळावी, विशेषतः अंश एका तक्त्यातून आणि छेद दुसऱ्यातून घेऊ नये.

कधीकधी फरक व्याप्तीचा असतो. २००१ मध्ये भारताची लोकसंख्या १,०२,८६,१०,३२८ आणि १,०२,८७,३७,४३६ अशा दोन प्रकारे छापलेली आढळते. मणिपूरमधील सेनापती जिल्ह्याच्या तीन उपविभागांचे निकाल रद्द करण्यात आले होते. पहिल्या आकड्यात ते नाहीत, दुसऱ्यात त्यांची अंदाजित लोकसंख्या धरली आहे. सव्वा लाखाहून अधिक माणसांचा हा तपशील तक्त्याखाली बारीक टंकात दिलेला असतो.

सीमाबदल हे तिसरे कारण. १९५१ च्या तक्त्यांत 'सांगली जिल्हा' शोधू पाहणाऱ्यास तो सापडणार नाही. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये निर्माण झालेला तो जिल्हा तेव्हा 'दक्षिण सातारा' म्हणून ओळखला जात होता आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नामांतर झाले. पलूस व कडेगाव हे तालुके नंतर अस्तित्वात आले, त्यामुळे तासगाव किंवा खानापूर तालुक्याची लोकसंख्या दोन जनगणनांत थेट ताडून पाहता येत नाही. सांगली, मिरज व कुपवाड यांची एकत्रित महानगरपालिका १९९८ मधील असल्याने १९९१ च्या तक्त्यात ती नाही. २०११ च्या तक्त्यातील ठाणे जिल्ह्याच्या १,१०,६०,१४८ या लोकसंख्येत १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला पालघर जिल्हा समाविष्ट आहे. 'ए' मालिकेतील लोकसंख्यावाढीचा तक्ता बहुधा जुने आकडे नव्या सीमांनुसार जुळवून देतो. म्हणून दीर्घ काळाची तुलना करताना जुने ग्रंथ उघडण्याऐवजी त्या तक्त्याचा आधार घेणे श्रेयस्कर.

गणना आणि नमुना

जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची नोंद होते. सर्वेक्षणात निवडक कुटुंबांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया हा आकडा प्रसिद्ध होताच 'भारतात प्रथमच पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक' असे मथळे झळकले. हे सर्वेक्षण कुटुंबांचे असते. वसतिगृहे, सैनिकी निवास, मजुरांच्या छावण्या अशा, पुरुषांची दाटी असलेल्या ठिकाणांचा त्यात समावेश नसतो. त्याच सर्वेक्षणात मागील पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांतील प्रमाण ९२९ होते. या दुसऱ्या आकड्यास मथळ्यांत फारसे स्थान मिळाले नाही.

बेरोजगारीच्या तक्त्यांत व्याख्येचा प्रभाव अधिकच ठळक असतो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचा बेरोजगारी दर 'नेहमीच्या स्थिती'नुसार ३.२ टक्के, तर 'चालू साप्ताहिक स्थिती'नुसार ४.९ टक्के होता. पहिल्या पद्धतीत मागील वर्षभराचा विचार करून गौण कामही जमेस धरतात. दुसरीत मागील सात दिवसांत किमान एक तास काम मिळाले का, एवढेच पाहतात. चर्चेत दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा दर घेतात आणि दोघांनाही तो अधिकृत तक्त्यात सापडतो.

स्वतः सांगितलेल्या माहितीची मर्यादा मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच राहते. एकेका वयाच्या तक्त्यात ३०, ३५, ४०, ५० या वयांपुढे आकडे एकदम फुगतात आणि शेजारच्या २९, ३१, ४१ पुढे खचतात. लोक त्या वर्षी अधिक जन्मले असा याचा अर्थ नव्हे. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसे ठोकळ वय सांगतात. म्हणून पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे तक्ते अधिक भरवशाचे समजले जातात. मातृभाषेच्या तक्त्यातही २०११ मध्ये मराठीपुढे दिलेली ८,३०,२६,६८० ही संख्या त्या नावाखाली एकत्र केलेल्या मातृभाषांची आहे. दहा हजारांहून कमी भाषकांची मातृभाषा स्वतंत्रपणे दाखविली जात नाही.

२०११ नंतर

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भक्षण, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा आहे. मधल्या वर्षांसाठी शासकीय प्रकाशनांत येणारी लोकसंख्या मोजलेली नसून 'अंदाजित' असते, आणि तक्त्याच्या मथळ्यात तसा शब्द असतो. अशा आकड्याच्या आधारे दरडोई उत्पन्न किंवा दर लाख लोकसंख्येमागील खाटा काढल्या असल्यास त्या भागाकारातही अंदाज मिसळलेला आहे हे ध्यानात ठेवावे.

दोन जनगणनांतील अंतर या वेळी दहाऐवजी सोळा वर्षांचे असल्याने 'दशवार्षिक वाढ' या परिचित रकान्याची तुलना करताना गफलत होण्याचा संभव आहे. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात १६.९३ टक्क्यांनी आणि २००१ ते २०११ या दशकात ९.२४ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या दशकातील वेग चक्रवाढ पद्धतीने वर्षाला सुमारे ०.८९ टक्के पडतो. तोच वेग सोळा वर्षे कायम राहिला तर एकूण वाढ सुमारे १५.२ टक्के दिसेल. तेव्हा २०२७ च्या तक्त्यात जिल्ह्यापुढे १५ च्या आसपासचा आकडा आढळल्यास तो ९.२४ शी थेट ताडून वाढीचा वेग चढला असे म्हणता येणार नाही. आधी वार्षिक दर काढावा लागेल.